‘जेंटामायसिनपेक्षा मोठा झोन’ : वनस्पती-अर्कांचे पेपर वाचताना

एमएस्सीचं डिझर्टेशन असो की पीएचडीची सिनॉप्सिस, मायक्रोबायॉलॉजी, बॉटनी किंवा फार्मसी यांपैकी कुठल्याही विभागात डोकावलं तर एक विषय हमखास सापडतो : अमुक औषधी वनस्पतीच्या अर्काची जिवाणूविरोधी क्रिया तपासणे. वनस्पतीचं नाव बदलतं, साचा तोच राहतो. पानं गोळा केली, सावलीत वाळवली, मिक्सरला लावून भुकटी केली. मिथेनॉल, इथेनॉल, क्लोरोफॉर्म आणि पाणी अशा चार द्रावकांत अर्क काढले. ई. कोलाय, स्टॅफ ऑरियस, स्यूडोमोनास आणि बॅसिलस यांच्या प्लेट ओतल्या, कॉर्क बोररने वेल पाडल्या, अर्क भरला आणि दुसऱ्या दिवशी पट्टीने झोन मोजले. शेवटच्या ओळीत लिहिलं, ‘या वनस्पतीपासून नवीन प्रतिजैविक मिळण्याची शक्यता आहे.’

आजची पोस्ट या साच्याची समीक्षा आहे. कुठल्या एका पेपरावर किंवा एका लेखकावर मी बोलत नाहीये. मला पूर्ण प्रकाराबद्दल बोलायचंय, कारण तुमच्यापैकी अनेकजण पेट द्यायच्या आधीच हा विषय मनात धरून बसलेले असतात, आणि गाईडही ‘सोपा आहे, होऊन जाईल’ म्हणून तोच सुचवतात. तुमच्या आयुष्यातली तीन ते पाच वर्षं यात जाणार आहेत. त्यामुळे हा प्रयोग नेमकं काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे आधी कळलेलं बरं.

झोन म्हणजे काय मोजलं जातं?

अगरवर जिवाणू पसरवले आणि मध्ये औषध ठेवलं की औषध अगरमध्ये झिरपत बाहेर जातं. केंद्रापासून जितकं लांब, तितकी त्याची तीव्रता कमी. ज्या अंतरावर तीव्रता अपुरी पडते तिथपर्यंत जिवाणू वाढतात, आणि आत जो स्वच्छ गोल राहतो तो झोन. म्हणजे झोनच्या आकारात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात : पदार्थ जिवाणूला किती मारक आहे, आणि तो अगरमध्ये किती सहज पसरतो. पट्टीला या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत.

मग दवाखान्याच्या लॅबमध्ये हीच पद्धत कशी चालते? १९६६ साली बाउअर, कर्बी, शेरिस आणि टर्क यांनी डिस्कची पद्धत प्रमाणित केली, तिलाच आपण कर्बी-बाउअर म्हणतो. तिथे सगळं बांधून ठेवलेलं आहे. म्युलर-हिंटन अगरच हवा, त्याची जाडी ४ मिमी हवी, इनॉक्युलमचा गढूळपणा ०.५ मॅकफार्लंडला जुळवायचा (म्हणजे मिलिलिटरला साधारण १ ते २ कोटींच्या दहापट जिवाणू), ३५ अंशांच्या आसपास १६ ते १८ तास ठेवायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, प्रत्येक औषधासाठी ‘इतका झोन म्हणजे इतकी एमआयसी’ हा संबंध शेकडो जिवाणूंवर आधी तपासून तक्ता केलेला आहे. डिस्कवर एकच शुद्ध औषध आहे, त्याचं वजन माहीत आहे, त्याचं झिरपणं माहीत आहे. म्हणून तो झोन बोलतो.

अर्कामध्ये यातलं काहीच नसतं. त्यात शेकडो रेणू असतात. काही पाण्यात विरघळणारे आणि भराभर पसरणारे, काही तेलकट आणि वेलच्या काठालाच चिकटून बसणारे. समजा हेक्झेन अर्काचा झोन ७ मिमी आला आणि पाण्याच्या अर्काचा १५. यावरून पाण्याचा अर्क ‘जास्त प्रभावी’ असं लिहिलं जातं. पण तेलकट रेणू पाणीदार अगरमध्ये सरकतच नाहीत. कदाचित ब्रॉथमध्ये तपासलं असतं तर चित्र नेमकं उलटं दिसलं असतं. झोन नाही म्हणजे क्रिया नाही, असा अर्थ काढता येत नाही. आणि झोन मोठा म्हणजे क्रिया जास्त, असाही काढता येत नाही.

शिवाय अगर पातळ ओतला की झोन फुगतो. इनॉक्युलम विरळ घेतलं की फुगतो. पेपर हातात घेतल्यावर पद्धतीच्या भागात जाडी, मॅकफार्लंड, वेलचा व्यास आणि वेलमधलं आकारमान शोधा. वेलच ८ मिमीची असेल आणि तक्त्यात ९ मिमी झोन लिहिला असेल, तर प्रत्यक्षात काठापासून अर्धा-अर्धा मिलिमीटर एवढंच मोकळं आहे. वेलचा व्यास झोनमध्ये धरलाय की वगळलाय हे न सांगणारे पेपर कमी नाहीत.

‘स्टँडर्डपेक्षा जास्त’ हा हिशोब

आता या पोस्टच्या शीर्षकाकडे येऊ. निष्कर्षात असं वाक्य येतं की अर्काचा झोन जेंटामायसिनपेक्षा मोठा होता, सबब अर्क जेंटामायसिनपेक्षा प्रभावी आहे. हे वाक्य दिसलं की वही घ्या आणि मात्रा काढा.

अर्क मिलिलिटरला १०० मिग्रॅ या तीव्रतेचा आहे. वेलमध्ये १०० मायक्रोलिटर भरला. म्हणजे वेलमध्ये १० मिग्रॅ, अर्थात १०,००० मायक्रोग्रॅम अर्क गेला. जेंटामायसिनच्या नेहमीच्या डिस्कमध्ये असतं १० मायक्रोग्रॅम. म्हणजे आपण हजारपट वजन टाकून बरोबरी साधली, आणि तीसुद्धा एकीकडे द्रवाने भरलेली वेल आणि दुसरीकडे कागदी डिस्क अशी. झोन मात्रेबरोबर सरळ रेषेत वाढत नाही, तो लॉगच्या हिशोबाने वाढतो. त्यामुळे मात्रेतला हजारपटीचा फरक तक्त्यात चार-पाच मिलिमीटरच्या फरकामागे सहज लपतो.

आणखी एक तपासणी तुम्ही घरबसल्या करू शकता. ई. कोलायचा एटीसीसी २५९२२ हा प्रमाणित स्ट्रेन वापरला असेल, तर १० मायक्रोग्रॅम जेंटामायसिनच्या डिस्कचा झोन १९ ते २६ मिमी यायला हवा, ही गुणवत्ता-नियंत्रणाची ठरलेली मर्यादा आहे. पेपरात तो १२ मिमी दिला असेल, तर अर्क कितीही चांगला असो, त्या दिवशीची प्लेटच बिघडलेली होती किंवा डिस्क जुनी होती. पॉझिटिव्ह कंट्रोल त्यासाठीच असतो. आपल्याकडे मात्र तो शर्यतीतला प्रतिस्पर्धी समजला जातो, आणि तो हरला की आनंद होतो! खरं तर तो हरला की आधी काळजी वाटायला हवी.

एमआयसी काढली म्हणजे झालं?

काही पेपर एक पाऊल पुढे जातात आणि ब्रॉथ डायल्युशनने एमआयसी, म्हणजे वाढ थांबवणारी किमान तीव्रता काढतात. ही चांगली गोष्ट आहे, इथे झिरपण्याचा घोळ उरत नाही. पण आकडा आल्यावर त्याला काय म्हणायचं?

रिओस आणि रेसिओ यांनी २००५ साली जर्नल ऑफ एथ्नोफार्माकॉलॉजीत स्पष्ट लिहिलं की अर्कासाठी मिलिलिटरला १ मिग्रॅपेक्षा जास्त तीव्रतेचे प्रयोग टाळावेत, आणि खरी रस घ्यावी अशी क्रिया म्हणजे १०० मायक्रोग्रॅम किंवा त्याखालची. शुद्ध रेणूसाठी ती मर्यादा १० मायक्रोग्रॅम. पुढच्याच वर्षी कॉस आणि सहकाऱ्यांनी त्याच जर्नलमध्ये अर्कांसाठी १०० मायक्रोग्रॅमचीच रेघ ओढली. म्हणजे जवळजवळ वीस वर्षं हा दंडक सर्वांसमोर आहे. तरी १२.५ मिग्रॅ एमआयसी आली की ‘लक्षणीय क्रिया’ असं छापून येतं. १२.५ मिग्रॅ म्हणजे १२,५०० मायक्रोग्रॅम, त्या रेघेच्या सव्वाशेपट. तुलनेसाठी, वर सांगितलेल्या ई. कोलायवर जेंटामायसिनची एमआयसी ०.२५ ते १ मायक्रोग्रॅममध्ये येते.

याचा अर्थ माणसाच्या भाषेत काढून बघू. मोठ्या माणसात साधारण ५ लिटर रक्त. त्यात मिलिलिटरला १२.५ मिग्रॅ तीव्रता हवी तर ६२.५ ग्रॅम सुका अर्क थेट रक्तात जायला हवा. समजा पानांपासून दहा टक्के अर्क मिळतो, तर सव्वासहाशे ग्रॅम वाळलेली पानं एका वेळी. आणि तेही सगळं शोषलं गेलं, यकृताने काही मोडलं नाही, उतींमध्ये काही गेलं नाही, असं धरून. एवढ्या तीव्रतेला मीठही जिवाणूंना त्रास देऊ लागतं, टॅनिनं प्रथिनांना गोठवतात, अर्काचं आम्ल ब्रॉथचा पीएच खाली ओढतं. जिवाणू मेले हे खरं, पण विशिष्ट असं काही घडलं का?

इथे एक न्याय्य आक्षेप आहे. त्वचेवर लावायचा लेप किंवा गुळण्यांचं पाणी असेल तर जागेवरची तीव्रता खूप जास्त असू शकते, आणि रक्ताचा हा हिशोब तिथे लागू पडत नाही. कबूल. पण मग पेपराने तसं म्हणावं, आणि माणसाच्या पेशींवर त्याच तीव्रतेला काय होतं ते दाखवावं. फिनॉलही जिवाणू मारतो. पेशी मारणारी तीव्रता भागिले जिवाणू थांबवणारी तीव्रता, हे गुणोत्तर नसेल तर आपण औषध शोधतोय की फरशी पुसायचं द्रावण, हे वाचकाला कळत नाही.

एमआयसीच्या प्रयोगात अर्कांच्या स्वतःच्या खोड्याही असतात. अर्क ब्रॉथमध्ये घातला की बरेचदा साका बसतो किंवा गढूळ होतं, आणि आपण तर गढूळपणावरूनच वाढ ओळखतो. म्हणून रेझॅझुरिनसारखा रंग वापरतात, जिवंत जिवाणू त्याचा निळा रंग गुलाबी करतात. पण अर्कातली अँटिऑक्सिडंट द्रव्यंही तेच काम जिवाणूंशिवाय करू शकतात. यावर उपाय सोपा आहे : अर्क, ब्रॉथ आणि रंग आहेत पण जिवाणू नाहीत, अशी एक रांग. डीएमएसओत अर्क विरघळवला असेल तर तेवढ्याच डीएमएसओची अर्काशिवाय दुसरी रांग. पेपरात या दोन रांगा शोधा. नसतील तर पुढचे आकडे पेन्सिलने वाचा, पेनाने नको.

०.५८ चं कोडं

हे एकदा कळलं की तुम्हाला सगळीकडे दिसायला लागेल. तक्त्यात झोन असे लिहिलेले असतात : १४.३३ ± ०.५८, १६.६७ ± ०.५८, १२.०० ± १.००, १४.६७ ± १.१५. फार शास्त्रीय वाटतं. आता १४, १४, १५ या तीन आकड्यांची सरासरी काढा : १४.३३. प्रमाण विचलन काढा : ०.५८. म्हणजे पट्टीने पूर्ण मिलिमीटरमध्ये तीन वाचनं घेतली, त्यातलं एक एका मिलिमीटरने वेगळं आलं. १.०० म्हणजे ११, १२, १३. आणि १.१५ म्हणजे दोन सारखे आणि एक दोन मिलिमीटरने वेगळा. दशांश चिन्हापुढचे दोन आकडे कॅल्क्युलेटरने दिलेत, प्रयोगाने नाही.

यात खोटेपणा काही नाही, गणित बरोबरच आहे. प्रश्न पुढचा आहे. ती तीन वाचनं कुठून आली? एकाच दिवशी, एकाच बाटलीतल्या अर्काने, एकाच कल्चरच्या तीन वेलमधून आली असतील, तर आपण आपला पिपेट किती स्थिर आहे एवढंच मोजलं. वनस्पतीबद्दल काही मोजलं नाही. वेगळ्या झाडांची पानं, वेगळ्या दिवशी काढलेला अर्क, वेगळं ताजं कल्चर, अशा तीन स्वतंत्र पुनरावृत्ती हव्यात. एकाच बाटलीवर तीन वेल करून त्यावर अॅनोव्हा लावला आणि पी ०.०५ पेक्षा कमी आला, तर तो पी त्या बाटलीपुरता आहे. ‘ट्रिप्लिकेट’ हा शब्द दिसला की थांबा आणि विचारा, कशाचं ट्रिप्लिकेट?

पण वनस्पती कोणती?

बॉटनीवाल्यांना हे सांगायची गरज नाही, पण मायक्रोवाले आणि फार्मसीवाले इथे फार बेफिकीर असतात. ‘पानं स्थानिक बाजारातून आणली’ या वाक्यावर पूर्ण पेपर उभा असतो.

ब्राह्मी म्हटलं की कोणी बकोपा मोनिएरी देतं, कोणी सेंटेला एशियाटिका. शंखपुष्पीच्या नावाखाली निदान तीन वेगळ्या वंशांतल्या वनस्पती विकल्या जातात, त्यात आपली गोकर्णसुद्धा आहे. गुळवेलीचं उदाहरण ताजं आहे. कोविडच्या काळात घरोघरी काढे झाले, आणि २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्यांमध्ये यकृताच्या इजेच्या घटना नोंदवल्या. त्यावर आयुष मंत्रालयाचं म्हणणं असं आलं की टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाऐवजी तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा वापरली गेली असावी. हा वाद इथे सोडवायचा नाही. पण बघा, नमुना जपून ठेवलेला नसेल तर असा वाद सुटूच शकत नाही.

म्हणून व्हाउचर स्पेसिमेन. फुलासकट फांदी दाबून वाळवायची, हर्बेरियममध्ये जमा करायची, क्रमांक घ्यायचा आणि पेपरात तो लिहायचा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्थेचं हर्बेरियम आहे. जिवाणूंचंही तसंच : ‘कॉलेजच्या लॅबमधून मिळालेला ई. कोलाय’ चालत नाही. पुण्याच्या एनसीएलमधल्या एनसीआयएम संग्रहातून किंवा चंदीगडच्या एमटीसीसीकडून क्रमांकासह स्ट्रेन मिळतात. कुठल्या महिन्यात आणि कुठल्या गावातून पानं घेतली, हेही लिहायला हवं, कारण पावसाळ्यातली अडुळशाची पानं आणि वैशाखातली पानं रसायनाच्या दृष्टीने सारखी असतीलच असं नाही.

अधिक-उणेचा तक्ता

पुढचा तक्ता ठरलेला : अल्कलॉइड +, फ्लॅव्होनॉइड ++, टॅनिन +, सॅपोनिन −. ड्रॅगेनडॉर्फ, मेयर, फेरिक क्लोराइड, फेस येतो का बघणं. मग चर्चेत वाक्य येतं : ‘ही क्रिया फ्लॅव्होनॉइडमुळे असावी.’ का असावी? दोन्ही एकाच बाटलीत सापडले म्हणून. फ्लॅव्होनॉइड जवळपास प्रत्येक हिरव्या पानात असतात. कोथिंबिरीवर हीच परीक्षा केली तरी अधिकची खूण मिळेल.

जीसी-एमएसचा आलेख जोडला की पेपर वजनदार दिसतो. पण त्या यंत्रात उडून जाणारे रेणूच दिसतात, टॅनिन आणि ग्लायकोसाइड दिसतच नाहीत. सोबतची नावं संगणकाच्या लायब्ररीतलं ‘सगळ्यात जवळचं नाव’ असतं. त्या यादीत थॅलेट आढळलं तर आधी प्लॅस्टिकच्या बाटलीवर आणि नळीवर संशय घ्या. प्लॅस्टिक मऊ ठेवणारं हे द्रव्य अनेक पेपरांत वनस्पतीचं ‘जैवसक्रिय संयुग’ म्हणून मिरवताना दिसतं.

हळदीचंही सांगायला हवं, कारण सांगलीच्या बाजारापासून आपल्या दुधाच्या पेल्यापर्यंत ती आपल्या सगळ्यांच्या अभिमानाचा विषय आहे. कर्क्युमिनवर हजारो पेपर आहेत. २०१७ मध्ये नेल्सन आणि सहकाऱ्यांनी जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्रीत त्याचा रोखठोक आढावा घेतला : हा रेणू शरीराच्या पीएचला टिकत नाही, शोषला फार कमी जातो, आणि स्वतःचा रंग, चमक आणि प्रथिनांशी होणारी अंधाधुंद प्रक्रिया यांमुळे अनेक चाचण्यांत ‘खोटा होकार’ देतो. हळद निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. चाचणीने होकार दिला म्हणजे औषध सापडलं, ही समजूत मात्र त्यातून मोडते.

मग कोणता रेणू काम करतो हे शोधायचं कसं? अर्काचे भाग करायचे, प्रत्येक भागाची क्रिया तपासायची, जो भाग क्रियाशील असेल त्याचे पुन्हा भाग करायचे. किंवा टीएलसी प्लेटवर अर्क चालवून त्यावर जिवाणूंचा अगर ओतायचा, कोणत्या पट्ट्याभोवती वाढ होत नाही ते दिसतं. याला बायोऑटोग्राफी म्हणतात, आणि ती साध्या लॅबमध्येही होते.

भाग करताना क्रिया हरवूही शकते, आणि त्यातही शास्त्र आहे. २००० साली स्टर्मिट्झ आणि सहकाऱ्यांनी पीएनएएसमध्ये दाखवलं की बर्बेरिस वंशातल्या वनस्पतीत बर्बेरिनबरोबर ५′-मेथॉक्सिहिडनोकार्पिन नावाचा दुसरा रेणू असतो. बर्बेरिन आपल्या दारुहळदीतही आहे. हा दुसरा रेणू एकट्याने जिवाणूला काही करत नाही. पण स्टॅफ ऑरियस ज्या नॉरए पंपाने बर्बेरिन बाहेर फेकतो तो पंप तो बंद पाडतो, आणि मग बर्बेरिन आत साचतं. ‘अर्कात सगळं मिळून काम करतं’ हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. सिद्ध करायचं असेल तर ते असं करावं लागतं : कोण, कोणाबरोबर, कुठल्या पंपावर.

झोन न येणारा बेल

आतापर्यंत बरीच टीका झाली. आता ज्या पेपरमुळे या विषयाबद्दलचं माझं मत पक्कं झालं त्याबद्दल सांगते. मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमधल्या ब्रिजेश, बिर्डी आणि सहकाऱ्यांचा २००९ चा हा पेपर आहे, बेलाच्या कच्च्या फळावर. जुलाबावर बेलाचा गर किंवा काढा देणं आपल्याकडे जुनं आहे. त्यांनी मिथेनॉलच्या वाटेला न जाता लोक करतात तसा पाण्यातला काढाच घेतला.

त्यांनी तपासलेल्या सहा जिवाणूंपैकी एकाच्याही जगण्यावर काढ्याचा परिणाम झाला नाही. नेहमीच्या साच्यात हा पेपर इथेच संपला असता : बेल निष्क्रिय, दुसरी वनस्पती घ्या. पण त्यांनी विचारलं की जुलाब होतात कसे? जिवाणू आतड्याच्या पेशींना चिकटतो, आत शिरतो, विष सोडतो, ते विष पेशीवरच्या विशिष्ट जागेला बांधलं जातं. मग यातल्या प्रत्येक पायरीवर त्यांनी काढा तपासला. जिवाणूंचं पेशींना चिकटणं आणि आत शिरणं कमी झालं. कॉलराच्या विषाची निर्मिती घटली. ते विष आणि ई. कोलायचं त्याच जातीचं विष, दोन्हींचं जीएम१ या ग्राहकाला बांधलं जाणं कमी झालं. शिवाय जिआर्डिया आणि रोटाव्हायरसवर मात्र मारक क्रिया दिसली.

टीका यावरही करता येते आणि करायला हवी. वापरलेल्या हेप-२ पेशी आतड्याच्या नाहीत. सगळं काम प्रयोगशाळेतल्या पेशींवर आहे, रुग्णांवर नाही. काढ्यातला कोणता रेणू हे करतो, हा प्रश्न उरतोच. पण या पेपराने प्रश्न रोगापासून सुरू केला, प्लेटपासून नाही, आणि म्हणून तो मला या विषयातल्या बहुतेक झोनच्या तक्त्यांपेक्षा मोठा वाटतो. २०१५ मध्ये क्वेव आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या चेस्टनटच्या पानांवर केलेलं काम याच वळणाचं आहे. इटलीत ही पानं त्वचेच्या विकारांवर वापरतात. त्यांचा अर्क स्टॅफ ऑरियसची वाढ थांबवत नाही, पण विष सोडण्यासाठी जिवाणू एकमेकांना जे रासायनिक निरोप देतात ते तोडतो. झोन इथेही शून्य.

आता हे उलट करून बघा. काढा देणाऱ्या वैदूने किंवा आजीने कधीच असं म्हटलं नव्हतं की यातले जंतू अगरवर मरतील. तिचं म्हणणं होतं की पोट बांधलं जाईल. आपण तिच्या दाव्याची परीक्षा घेतो असं सांगतो, आणि प्रत्यक्षात तिने न केलेल्या दाव्याची घेतो. झोन आला तर ‘पारंपरिक ज्ञान विज्ञानाने सिद्ध’, नाही आला तर ‘पारंपरिक दावा असिद्ध’. दोन्ही वाक्यं चूक आहेत. यात नुकसान फक्त शोधनिबंधाचं होत नाही. पहिल्या वाक्यावर बाजारात बाटल्या विकल्या जातात आणि संसर्ग झालेला माणूस दवाखान्यात उशिरा पोचतो. दुसऱ्या वाक्यामुळे एखादी खरोखर कामाची वनस्पती यादीतून कायमची गळते.

मग हा विषय घ्यायचाच नाही का?

घ्या. वेल पाडायची पद्धत स्वस्त आहे, तालुक्याच्या कॉलेजात होते, आणि हात बसायला उत्तम आहे. पहिली चाळणी म्हणून तिची जागा आहेच. मायक्रोटायटर प्लेट रीडर नसेल तरी डोळ्यांनी आणि रंगाने एमआयसी काढता येते. पैशांची अडचण खरी आहे, पण वर सांगितलेल्या बहुतेक चुका पैशांअभावी होत नाहीत. व्हाउचरला, द्रावकाच्या कंट्रोलला, वेगळ्या दिवशी प्रयोग पुन्हा करण्याला फार खर्च येत नाही. लागतो तो वेळ. आणि वेळ नसतो, कारण पेपर छापायची घाई असते. पीएचडी जमा करण्यापूर्वी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत राहिलेली नाही. अनेक ठिकाणी सवय मात्र तशीच आहे.

सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा या प्रश्नांची उत्तरं आधी एका कागदावर लिहा :

– ही वनस्पती लोक कशासाठी, कुठला भाग, कोणत्या रूपात वापरतात? मी तेच रूप तपासतोय का?
– तो रोग कसा होतो, आणि त्यातली कुठली पायरी मी तपासणार आहे?
– व्हाउचर क्रमांक आणि स्ट्रेनचा क्रमांक माझ्याकडे आहे का?
– एमआयसी १ मिग्रॅच्या वर आली तर मी काय लिहिणार आहे?
– पेशींवरची विषाक्तता कोण करून देईल? शेजारच्या विभागाशी बोललोय का?
– निकाल नकारार्थी आला तरी या कामातून काही कळेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर विषय बदलू नका, प्रश्नाची मांडणी बदला. बेलाच्या पेपरात पहिला निकाल नकारार्थीच होता.

आणि पुढच्या वेळी जर्नल क्लबमध्ये ‘जेंटामायसिनपेक्षा मोठा झोन’ असलेला पेपर तुमच्या वाट्याला आला, तर स्लाइडवर आधी मात्रेचा हिशोब टाका, मग झोनचा तक्ता. बाकी चर्चा आपोआप सुरू होईल. तुमच्या विषयातला एखादा पेपर या कसोटीवर तपासून बघा आणि काय सापडलं ते खाली जरूर लिहा. पुढच्या पोस्टमध्ये बायोऑटोग्राफी साध्या लॅबमध्ये कशी करायची, ते पायरी-पायरीने बघू.